रेन डान्सला जुनी गाणी: फर्माईश कशी करायची

विरार-अर्नाळ्यापासून अलिबाग-नागावपर्यंत किनाऱ्यालगत जी वॉटर पार्क आणि रिसॉर्टं आहेत, त्यांत घसरगुंड्यांच्या खालोखाल गर्दी होते ती रेन डान्सला. वरून पाइपांतून पडणारा पाऊस, समोर टॉप-बेसची (वरच्या आणि खालच्या सुरांच्या स्पीकरची) रांग आणि बाजूच्या कोरड्या केबिनमध्ये डीजे. दिवसभर तीच ठरावीक गाणी फिरत राहतात. पन्नाशीच्या मंडळींना मधेच आपल्या कॉलेजच्या दिवसांतलं एखादं गाणं हवंसं वाटतं, कोणीतरी भिजत केबिनशी जाऊन ओरडून सांगतं, डीजे मान हलवतो आणि गाणं काही लागत नाही.

यात डीजेचा आडमुठेपणा क्वचितच असतो. एक तर ते गाणं त्याच्याकडे नसतं, किंवा नेमकं कोणतं ते त्याला कळलेलं नसतं, नाहीतर चालू गाण्याला ते जोडायचं कसं हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो. या तिन्ही अडचणी घरून निघण्याआधी सोडवता येतात. पहिल्यांदाच ग्रुप घेऊन जाणाऱ्यांनी पुढची तयारी आदल्या दिवशीच करावी. अर्ध्या तासाचं काम आहे.

गाणं कोणासाठी, हे आधी ठरवा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. जुनं गाणं ज्यांच्यासाठी मागायचं, ती माणसं बऱ्याचदा पाण्यात नसतातच. बहुतेक वॉटर पार्कांत पाण्यात उतरायला नायलॉनचा पोशाख लागतो. साडी, सुती सलवार-कमीज, जीन्स चालत नाही. सुती कपडा पाणी पितो, जड होतो, अंगाला चिकटतो आणि त्याचे धागे गाळणीत अडकतात. त्यामुळे आजी साडी नेसून जेवणाच्या शेडमध्ये बसलेली असते आणि तिच्यासाठी मागितलेलं गाणं शंभर पावलांवर वाजून संपतं.

तेव्हा आजी-आजोबांसाठी गाणं हवं असेल तर रेन डान्सचा नाद सोडा. दुपारच्या जेवणाच्या शेडमध्ये वेगळे स्पीकर असतात, तिथला हलका आवाज जुन्या गाण्याला जास्त मानवतो. मुक्कामाची सहल असेल तर संध्याकाळी लॉनवर होणारी डीजे पार्टी सगळ्यात चांगली. कोरडी जमीन, बसायला खुर्च्या, आणि डीजेलाही घाई नसते. चाळिशी-पन्नाशीची, पाण्यात उतरणारी मंडळी असतील तर रेन डान्सच योग्य.

सहल दक्षिण कोकणात असेल तर ठिकाणाची चौकशी आधीच करा. वेळास, आंजर्ल्यासारख्या गावांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात आणि पिल्लं साधारण फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान समुद्राकडे जातात. दिव्यांच्या उजेडाने ती दिशा चुकतात. अशा किनाऱ्याला लागून लाईट लावून नाच मागूच नये. घराच्या अंगणात छोट्या स्पीकरवर गाणी ऐकावीत.

गाणं निवडताना

एका ग्रुपने तीनपेक्षा जास्त गाणी मागू नयेत. रेन डान्सचा एक फेरा अर्धा ते एक तासाचा असतो आणि फ्लोअरवर तुमच्यासारखे आणखी चार ग्रुप असतात. तीन निवडा, त्यांना क्रम द्या, आणि एकच लागलं तर ते पहिलं लागावं अशी तयारी ठेवा.

निवडीत ठेका पाहणं फार महत्त्वाचं. डीजेची नेहमीची नाचाची गाणी चार मात्रांच्या सरळ ठेक्यावर, मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोक्यांची असतात. दोन गाण्यांचे ठोके जुळवून तो एकातून दुसऱ्यात जातो, म्हणून नाच तुटत नाही. आपली बहुतेक कोळीगीतं मात्र सहा मात्रांच्या झोक्यावर चालतात. वल्ह्याची ती लय चार मात्रांच्या ठेक्यावर बसत नाही. डीजेने जबरदस्तीने जोडलं तर दोन्ही गाणी काही सेकंद एकमेकांच्या अंगावर पडतात आणि फ्लोअर थांबतो. कोळीगीत मागायचं असेल तर सरळ सांगा, ‘दादा, मिक्स करू नका, चालू गाणं संपवा, दोन शब्द बोला आणि मग हे सुरुवातीपासून लावा.’ एवढं सांगितलं की जाणता डीजे लगेच तयार होतो, कारण त्याच्या डोक्यात नेमकी तीच अडचण चालू असते.

सरळ ठेक्याच्या जुन्या गाण्यांना ही अडचण नाही. ‘गंमत जंमत’ (१९८७) मधलं किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल यांचं ‘अश्विनी ये ना’ कोणत्याही पार्टीत बेधडक मागावं. लहान मुलांनाही ते पाठ असतं. पहिल्यांदा मागत असाल तर अशाच गाण्याने सुरुवात करा. फ्लोअर भरलेला राहिला की डीजे दुसरं गाणं स्वतःहून विचारतो.

भावगीतं, अंगाई, संथ लयीची विरहगीतं रेन डान्सला मागू नका, ती कितीही आवडती असली तरी. पाण्याच्या धारांच्या आवाजात शब्द ऐकूच येत नाहीत आणि ज्या गाण्याचा जीव शब्दांत आहे त्याची तिथे परवड होते. द्व्यर्थी गाणीही टाळा. शाळेच्या सहली आलेल्या असतात आणि पार्कचा माणूस ती मधेच बंद करायला लावतो.

रिमिक्स नको, हे स्पष्ट सांगा

जुनं मराठी गाणं डीजेच्या लॅपटॉपवर शोधलं की बहुतेक वेळा आधी रिमिक्स सापडतं. मूळ आवाज कापलेला, खाली धडधडणारा बेस, आणि कोळीगीताचा झोका चार मात्रांत कोंबलेला. नाचायला ते चालेलही, पण ज्याला चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं गाणं ऐकायचंय त्याच्यासाठी ते गाणंच नव्हे. हेमंतकुमारांचा खर्जातला आवाज ऐकायला आलेल्या माणसाला दुसऱ्या कोणाच्या आवाजातलं ऐकवणं म्हणजे त्याची फर्माईश पुरी न करणंच. म्हणून मूळ गायकांची नावं लिहून द्या आणि पुढे ‘मूळ गाणं’ असं ठळक लिहा.

नावांचा घोळही ठरलेला. ‘गोमू’ म्हटलं की डीजेसमोर किमान दोन प्रसिद्ध गाणी येतात. ‘गोमू संगतीनं माझ्या तू येशील काय’ हे ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) मधलं, आशा भोसले आणि हेमंतकुमार यांचं. ‘गोमू माहेरला जाते हो नाखवा’ हे गदिमांचं, ‘वैशाख वणवा’ चित्रपटातलं. दोघांची चाल वेगळी, मूड वेगळा. ‘ते गोमूचं लावा’ एवढंच सांगितलंत तर हवं ते लागण्याची खात्री नाही. तसंच ‘मी डोलकर’ म्हटल्यावर ऑर्केस्ट्राच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या आणि बँजोच्या कितीतरी आवृत्त्या सापडतात. लता मंगेशकर आणि हेमंतकुमार हवे असतील तर ती दोन नावं आणि संगीतकार हृदयनाथ मंगेशकर हे लिहिल्याशिवाय मूळ ध्वनिमुद्रण मिळेलच असं नाही.

चिठ्ठी

फर्माईश तोंडी न करता चिठ्ठीवर करा. केबिनजवळ कानठळ्या बसत असतात, डीजेच्या कानाला हेडफोन असतो आणि तुम्ही भिजलेले असता. पोस्टकार्डाच्या आकाराचा जाड कागद घ्या, साध्या बॉलपेनने लिहा. जेलपेन किंवा शाईचं पेन वापरलं तर पहिल्याच थेंबाला अक्षरं पसरतात. दोन प्रती करा आणि झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा. मजकूर एवढाच असावा:

गाणं: गोमू संगतीनं माझ्या तू येशील काय
आवाज: आशा भोसले, हेमंतकुमार
चित्रपट: हा खेळ सावल्यांचा (१९७६)
मूळ गाणं. मिक्स न करता सुरुवातीपासून
कधी: फेऱ्याच्या शेवटच्या १५ मिनिटांत
कोणासाठी: आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं
फाइल: पेन ड्राइव्हवर, नंबर ०१

अक्षर मोठं आणि सुटं. केबिनमध्ये उजेड कमी असतो. माईकवरून नावं घ्यायची असतील तर दोनच नावं द्या, आणि आडनाव अवघड असेल तर जसं उच्चारतात तसं लिहा. कुटुंबातल्या बारा जणांची यादी दिली की डीजे ती वाचतच नाही, किंवा वाचतावाचता गाण्याचा मुखडा निघून जातो.

गाणं सोबत घेऊन जा

डीजेकडे सापडेल या भरवशावर राहू नका. किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज धड नसते, आणि सुट्टीच्या दिवशी हजारभर माणसं एकाच टॉवरवर असली की गाणं अर्ध्यावर गोल गोल फिरत बसतं. ऑनलाइन लावलं तर मुखड्याआधी जाहिरात लागते, ती वेगळीच.

३२ जीबी किंवा त्याहून लहान पेन ड्राइव्ह घ्या आणि तो एफएटी३२ (FAT32, फाइली साठवण्याचा एक प्रकार) मध्ये फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर सर्रास वापरला जाणारा एनटीएफएस प्रकार डीजेची बरीच मशीन वाचत नाहीत, आणि ऐनवेळी ‘तुमचा पेन ड्राइव्हच दिसत नाही’ असं होतं त्याचं एक कारण हेच. आधी त्यावर काही असेल तर दुसरीकडे काढून ठेवा, फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं.

पेन ड्राइव्हवर फक्त तुमची तीन गाणी ठेवा, तीही फोल्डरमध्ये न घालता. हजारो गाण्यांच्या जंगलात शोधायला डीजेला वेळ नसतो. फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवा, कारण काही मशीनच्या पडद्यावर देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. नावापुढे ०१, ०२, ०३ असे आकडे टाका, तेही इंग्रजी अंकांत. चिठ्ठीवरचा नंबर आणि फाइलचा नंबर एकच असू द्या.

फाइल एमपीथ्री, ३२० केबीपीएस (म्हणजे एमपीथ्रीतला वरचा दर्जा). घरी गाण्याची सीडी असेल तर तिच्यावरून केलेली सगळ्यात चांगली. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेलं गाणं वापरू नका. ते बऱ्याचदा इतकं दाबून लहान केलेलं असतं की मोबाईलवर ठीक वाटतं आणि मोठ्या स्पीकरवर त्यातली झांज फुटकी वाजते. आणखी एक गैरसमज नेहमी आढळतो, की गाण्यांच्या अॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं पेन ड्राइव्हवर घेता येतं. तसं होत नाही. ते फक्त त्या अॅपमध्येच वाजतं.

घरी तिन्ही फाइली शेवटपर्यंत ऐका. कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांचा वेग कधी कधी थोडा कमी-जास्त झालेला असतो आणि गायकाचा आवाज चिरका किंवा जड लागतो. सुरुवातीला निवेदकाचं बोलणं किंवा दहा-बारा सेकंद शांतता असेल तर कापून टाका. डीजेला वाटतं गाणं लागलंच नाही, आणि तो पुढचं लावून मोकळा होतो.

पेन ड्राइव्ह नसेल तर मोबाईल थेट मिक्सरला लावायची वेळ येते. तेव्हा एअरप्लेन मोड चालू करा, नाहीतर गाण्याच्या मध्यात फोन आला की रिंगटोन सगळ्या पार्कभर वाजते. नव्या बऱ्याच मोबाईलना ३.५ मिमीचं हेडफोन-छिद्र नसतं, त्यामुळे टाइप-सीचा जोड बरोबर ठेवा. ब्लूटूथ शेवटचा पर्याय समजा. केबिन आणि तुमच्यामध्ये ओली गर्दी उभी असते, आणि पाण्याने भरलेली माणसांची शरीरं तो सिग्नल चांगलाच अडवतात.

आवाज बारीक का येतो

जुनं गाणं लागलं की ग्रुपमधून पहिली ओरड होते, ‘आवाज वाढवा!’ १९६०च्या दशकातली बहुतेक मराठी गाणी मोनोमध्ये, म्हणजे एकाच वाहिनीवर मुद्रित झाली. त्यांत खालचा बेस कमी, आणि हळू जागा खरोखर हळू ठेवलेल्या. आजची गाणी सबंध वेळ एकाच चढ्या पातळीवर दाबून बसवलेली असतात. त्यांच्यामागोमाग जुनं लावलं की ते बारीक वाटणारच. डीजेने त्या चॅनेलचा गेन, म्हणजे फक्त त्या गाण्याची पातळी, थोडा वाढवला की काम होतं. त्याला आधीच सांगा, ‘जुनं रेकॉर्डिंग आहे, गेन बघून घ्या.’ मुख्य आवाज वाढवायला लावू नका. पुढचं गाणं त्याच पातळीवर आलं की स्पीकर कोकलतात आणि फ्लोअरवरची लहान मुलं कान झाकतात.

बेस वाढवून उपयोग नसतो. जे मुळात मुद्रितच झालेलं नाही ते बटण फिरवून येत नाही, उलट ढोलकी घुसमटते. समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेत टॉपमधले धातूचे भाग गंजतात आणि वरचे सूर मंद होतात, म्हणून काही ठिकाणी गायिकेचा आवाज कांबळ्याआडून आल्यासारखा वाटतो. तिथे ट्रेबल किंचित वाढवायला सांगावं.

कोणाला, कधी

फोनवर बुकिंग करतानाच विचारून घ्या: रेन डान्स किती वाजता, किती फेरे, फर्माईश घेतात का, पेन ड्राइव्ह चालतो का. ४०-५० जणांची बस घेऊन जाणार असाल तर पार्कचे लोक आनंदाने सांगतात. काही पार्कांत गाण्यांची यादी वरून ठरलेली असते आणि डीजेच्या हातात काहीच नसतं. हे आदल्या दिवशी कळलं तर हिरमोड होत नाही.

पार्कात पोचल्यावर कपडे बदलून मोबाईल लॉकरमध्ये टाकण्याआधी केबिनकडे जा. चिठ्ठी आणि पेन ड्राइव्ह त्याच वेळी द्या. फेरा सुरू व्हायला अर्धा तास असला तर उत्तम. डीजे तेव्हा मोकळा असतो, फाइल उघडून ऐकतो, आपल्या लॅपटॉपवर घेतो. फेरा चालू झाल्यावर दिलेली चिठ्ठी मिक्सरच्या कडेला पडून राहते. दुसरी प्रत ग्रुपमधल्या कोरड्या माणसाकडे असू द्या, दुपारी डीजेची पाळी बदलली तर तीच कामी येते.

वेळ मागताना गर्दीच्या ऐन रंगातली मागू नका. फ्लोअर पूर्ण तापलेला असताना जुनं गाणं लागलं की तरुण मंडळी कडेला जातात आणि ज्यांच्यासाठी गाणं आहे त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. फेऱ्याची पहिली दहा मिनिटं चांगली, कारण लोक तेव्हा नुकते येत असतात. शेवटची पंधराही चांगली, तेव्हा दमलेल्यांना झोका हवासा वाटतो. कोळीगीताला शेवटचीच वेळ मागा.

संध्याकाळच्या पार्टीला घड्याळ वेगळं असतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्या दिवसांना सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं, पण तुमचा शनिवार त्यात असेलच असं नाही. फर्माईश साडेआठच्या आत पोचवा आणि गाणं साडेनऊच्या आत लागू द्या. पावणेदहाला डीजे आपली हमखास चालणारी गाणी लावत असतो, तेव्हा तो कोणाचं ऐकत नाही. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी लाईट गेली आणि जनरेटरवर सगळं पुन्हा सुरू झालं, तर रांगेतली गाणी विसरली जातात. जाऊन एकदा आठवण करा.

नकार आला तर

कारण विचारा, वाद घालू नका. पार्कला सार्वजनिक ठिकाणी गाणी वाजवण्यासाठी परवाने घ्यावे लागतात. ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल, शब्द-संगीतासाठी आयपीआरएस अशा संस्था ते देतात. ज्या कंपनीच्या गाण्यांचा परवाना पार्ककडे नाही ते गाणं डीजे लावू शकत नाही, मग ते तुमच्या पेन ड्राइव्हवर का असेना. लग्नसमारंभातल्या गाण्यांना कायद्यात जी सूट आहे ती तिकीट काढून आलेल्या पार्कातल्या गर्दीला लागू होत नाही. अशा वेळी क्रमांक दोनचं गाणं पुढे करा. म्हणूनच तीन गाणी तीन वेगवेगळ्या कंपन्यांची असली तर बरं.

बक्षिसी द्यायची असेल तर गाणं वाजल्यावर द्या. आधी पैसे दाखवले की फर्माईश सौदा होते आणि शेजारचा ग्रुप जास्त देऊन आपलं गाणं पुढे घेतो. नाव घेऊन आभार मानले तरी पुष्कळ होतं. दिवसभर उकाड्यात बसलेल्या माणसाला तेवढंही कोणी म्हणत नाही.

गाणं लागल्यावर

ग्रुपने लगेच फ्लोअरवर यायला हवं. डीजे पहिल्या तीस-चाळीस सेकंदांत फ्लोअर बघतो आणि माणसं सरकली की गाणं कापतो. म्हणून एकाला केबिनकडे लक्ष ठेवायला सांगा, त्याने हात वर केला की बाकीच्यांनी यायचं. मुखडा मोठ्याने म्हणा. बाहेरचे लोकही गाऊ लागले की गाणं शेवटपर्यंत चालतं.

ओल्या फरशीवर फुगडी घालू नका. जुनं गाणं लागलं की बायकांना हटकून फुगडी आठवते, आणि पाण्याखालच्या गुळगुळीत फरशीवर दोघींचं वजन मागे गेलं की पाय सुटतो, डोकं आपटतं. कोळीनृत्य करायला हरकत नाही, कारण त्यात पाय जमिनीजवळ राहतो. रांग धरा, हात खांद्यावर ठेवा, पावलं लहान टाका. साठीपुढच्यांनी कठड्याच्या बाजूला उभं राहावं, जिथे खाली रबरी जाळी अंथरलेली असते.

निघताना पेन ड्राइव्ह मागून घ्या. बसमध्ये चढल्यावर आठवतो आणि मग राहूनच जातो. तो अनोळखी लॅपटॉपला लागलेला असतो, तेव्हा घरी कॉम्प्युटरला जोडल्यावर काहीही उघडण्याआधी अँटीव्हायरसने तपासा.